धुऱ्यावरचा शेंदरी धोंडा

ज्याच्या कृपेवाचून जिभेला सत्य पेलत नाही आणि लेखणीला लाज पेलत नाही, त्या कृपासागराला प्रथम वंदन. मग कुलस्वामिनीला. मग ज्या गुरूंनी मला शास्त्र शिकवले त्यांना. त्या शास्त्राचा उपयोग मी कशासाठी केला हे पाहायला ते हयात नाहीत, हा त्यांच्यावरचा ईश्वरी अनुग्रहच म्हणायचा.

आता विषय. दोन शेजारी राज्ये बासष्ट साली एका रेघेवरून कशी लढली, यावर गेल्या दीड वर्षात नागपुरातल्या प्रत्येक ओट्यावर व्याख्यान झाले आहे. मी महालात राहणारा वामनशास्त्री, तीस वर्षे चातुर्मासात पुराण सांगत आलो. मलाही दोनदा बोलावणे आले. मी गेलो नाही. त्याऐवजी माझी आणि माझ्या मुलाची, व एका शेजाऱ्याची, ही पत्रे उतरवून ठेवतो; माझ्या पत्रांच्या नकला मी ठेवत असे. एकही शब्द सुधारलेला नाही. माझी पत्रे वाचताना वाचकाला किळस आली तर त्याने ती दाबू नये.

अक्षय्य तृतीया, १९६४

*

महाल, नागपूर
११ जून १९६२

चिरंजीव वसंतास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. पत्त्याच्या जागी नुसते आकडे. तू कोणत्या डोंगरावर आहेस हे बापाला कळू नये आणि शत्रूला मात्र पक्के ठाऊक असावे, अशी ही व्यवस्था दिसते.

वर्तमानपत्रात रोज निषेधाचे खलिते. पेकिंगचा येतो, दिल्लीचा जातो. कालपर्यंत हे दोघे गळ्यात गळे घालून भाऊ भाऊ म्हणत नाचत होते. आज दोघेही नकाशे उलगडून बसले आहेत. एकापाशी इंग्रजाने ओढून ठेवलेली रेघ, दुसऱ्यापाशी मेलेल्या बादशहांच्या आठवणी. आणि दोघांपैकी एकानेही त्या बर्फावर कधी जोडा झिजवलेला नाही. सीमेचा वाद पडला तर प्रथम शेजाऱ्याला बोलवावे, गावातल्या वृद्धांना विचारावे, जुन्या खुणा शोधाव्या, असे धर्मशास्त्रात स्वच्छ सांगितले आहे. पण मंत्र्यांना वाचायला सवड कुठली? त्यांना विमाने गाठायची असतात.

आता घरचे. कुहीच्या आपल्या शेताच्या हद्दीचा, त्या धुऱ्याचा, प्रश्न मी मार्गी लावला. पलीकडच्या महादेवरावाने मोहाच्या झाडापासून आपल्या बाजूची आठ हात पट्टी स्वतःची म्हणून नांगरली होती. त्याच्यापाशी इंग्रजी बंदोबस्ताचा नकाशा, आपल्यापाशी भोसल्यांच्या वेळची सनद. त्या निरक्षर नंदीला सनद वाचून दाखवली तर मान हलवतो आणि पुन्हा तेथेच नांगर घालतो. मी वाद वाढवला नाही. मोहाच्या बुंध्याशी एक धोंडा पुरला, त्याला शेंदूर फासला, नारळ वाढवला. आता त्याचा गडी नांगर घेऊन तिथवर येतो, पाया पडतो आणि बैल वळवतो. साम नाही, दंड नाही, केवळ शेंदूर. राजनीती याला म्हणतात.

तुझी आई म्हणाली, “अहो, देवाला पहाऱ्यावर बसवलंत का?” या विषयात बायकांना गती नसते.

तुझा,
वामन

*

मार्फत ५६ ए.पी.ओ.
४ जुलै १९६२

तीर्थरूप बाबांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार.

महादेवकाकांचा कवडू आमच्याच ठाण्यावर आला आहे. मी वायरलेसवर, तो तारा ओढणाऱ्यांत. मराठी बोलणारे इथे आम्ही दोघेच, म्हणून घरची पत्रे एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवतो. तुमचे आणि त्याच्या वडिलांनी मास्तरांकडून लिहवलेले, दोन्ही एकाच डाकेने आली. तुमच्या पत्रात ते ‘निरक्षर नंदी’, त्यांच्या पत्रात तुम्ही ‘पोथीतली वाळवी’. कवडू हसून हसून खाली बसला. म्हणाला, “काहून गा वसंता, आपले दोघांचे बाप इथं आणून बसोले असते तं समदी भानगड एका दिसात निपटली असती! समोरचे तं आयकूनच पळाले असते!”

इथले काही लिहिण्याची परवानगी नाही. धोंड्याविषयी लिहायला मात्र कोणी अडवत नाही. बाबा, तुम्ही जे धुऱ्यावर केले तेच आम्ही इथे करत आहोत, म्हणून सांगतो. धोंडा पुढे नेऊन ठेवणे सोपे असते. रोज तिथवर पाणी कोण नेणार, याचा विचार ठेवणाऱ्याने आधी करायचा असतो. वाटेपासून लांब ठेवलेला धोंडा एकटा पडतो. शिवाय समोरच्याकडेही दगड आहेत, आणि शेंदूर बाजारात सगळ्यांनाच मिळतो.

आणखी एक. मी दहा वर्षांचा असताना कवडूने आणि मी मोहापासून आठ हात आपल्या बाजूला खेळता खेळता खड्डा खणला होता. खाली कोळशांचा आणि खापऱ्यांचा थर लागला, सरळ रेषेत. मी धावत तुमच्याकडे आलो. तुम्ही येऊन पाहिले आणि म्हणालात, “परत पुरून टाक. कोणाला सांगू नकोस.” पुढे मोठा झाल्यावर तुमच्याच पुराणात ऐकले, की पूर्वीचे लोक हद्दीखाली न कुजणाऱ्या वस्तू पुरून ठेवत, कारण वर झाडे मरतात, माणसे मरतात, आणि मागचे भांडतात. म्हणजे महादेवकाका नांगरतात ती पट्टी त्यांचीच आहे.

धोंडा काढा, बाबा. कवडू आणि मी सुटीवर येऊ तेव्हा एकाच बैलगाडीतून शेतावर जाता यावे, याहून जास्त मागणे नाही.

आपला आज्ञाधारक,
वसंत

*

महाल, नागपूर
२६ जुलै १९६२

चिरंजीव वसंतास आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. दुसऱ्यांदा, ते माझ्याच मुलाने लिहिले आहे याची खात्री करण्यासाठी.

दहा वर्षांच्या पोराची आठवण हा पुरावा नव्हे. शेतात कोणी चूल मांडली असेल, मडके फुटले असेल. याउपर त्या कोळशांचा उल्लेख पत्रात नको.

आणि तुलना कोणाशी करतोस? मी सनद वाचून, संकल्प सोडून देव बसवला आहे. तुझे वरिष्ठ दहा दहा माणसे डोंगराच्या कपारीत सोडून देतात आणि दिल्लीत चहा पितात. त्यांची अशी खात्री आहे, की आपण पुढे सरकलो तरी समोरचा लढणार नाही. ही खात्री कोठून आली? कोठूनही नाही. ती असली म्हणजे सोयीचे पडते, म्हणून आहे. पेकिंगमध्येही असेच कोणी बसले असणार, हीच खात्री उराशी धरून. दोन गर्विष्ठ माणसे एका अरुंद जिन्यावर समोरासमोर आली आणि दुसरा मागे सरकेल म्हणून दोघेही पाय पुढे टाकत राहिले, तर जिन्याच्या तळाशी कोण सापडते हे सांगायला शास्त्र लागत नाही.

महादेवराव मात्र खरोखरच लढणाऱ्यांतला नाही. त्याने एवढेच केले, की माझ्या धोंड्याला वळसा घालून, तीन हात अलीकडे, आपला मारुती बसवला. मी त्याच्या मागे तिसरा बसवला. त्याने चौथा. मी शेतावर गेलो तेव्हा तो बांधावर उभा होता.

“हे काय आरंभलं आहे, महादेवराव?”

“तुमीच शिकोलं जी, शास्त्रीबुवा. म्या म्हटलं, देव एकटा हाये, त्याले सोबत पाह्यजे.”

“चार चार देव! लोक हसतील.”

“हासूनच राहिले जी. तिकडल्या बांधीत धानाची रोवणी चालू हाये अन् बाया इथं येऊन पाहून जाते. म्हणते, शास्त्रीबुवाच्या धुऱ्यावर जत्रा भरली.”

अशा माणसाशी बोलण्यात अर्थ नाही. मी परत आलो.

तुझा,
वामन

*

मार्फत ५६ ए.पी.ओ.
१२ सप्टेंबर १९६२

तीर्थरूप बाबांच्या चरणी नमस्कार.

थंडी पडू लागली. पायात कापडी बूट आहेत. आईने विणलेला स्वेटर एक दिवस मी घालतो, एक दिवस कवडू. तिला सांगा, माप दोघांना बरोबर येते.

समोरच्या उतारावर परवा पाटी लागली. आम्हीही लावली. त्यांच्यातला एक जण रोज सकाळी ओरडून काहीतरी सांगतो; आमच्यात ते कोणालाच कळत नाही. आम्ही ओरडतो ते त्यांना कळत नसावे. कवडू म्हणाला, “रामराम तं करून पाह्यतो,” आणि हात जोडून उभा राहिला. काल त्यांच्यातल्या एकाने हात हलवला. आज तो तिथे नव्हता. आज तिथे

(येथे दोन ओळींवर काळी शाई फासली आहे.)

बाबा, कोळशांविषयी लिहू नकोस म्हणालात, लिहीत नाही. एकच मागतो. दसरा जवळ आला. आपल्याकडे त्या दिवशी सीमोल्लंघन करतात. मोहापासून महादेवकाकांचे अंगण पंधरा पावलांवर आहे. त्या दिवशी तेवढी हद्द ओलांडून त्यांना सोने द्यायला जा. कवडूही त्याच्या वडिलांना हेच लिहिणार आहे. तुम्ही दोघांनी पाने दिली घेतली हे आम्हाला इथे कळले, तर आमचा दसरा झाला.

आपला,
वसंत

*

महाल, नागपूर
९ ऑक्टोबर १९६२

चिरंजीव वसंतास आशीर्वाद.

तुझ्या इच्छेप्रमाणे काल दसऱ्याला कुहीस गेलो आणि सीमोल्लंघन केले, पण शास्त्रोक्त. या प्रदेशात शंभर वर्षांत कोणी केले नसेल असे.

धर्मशास्त्रात सांगितले आहे, की सीमेचा साक्षीदार तांबडे वस्त्र नेसून, तांबड्या फुलांची माळ घालून, डोक्यावर मातीचे ढेकूळ घेऊन चालतो. तो ज्या वाटेने चालेल ती सीमा. सारा गाव जमवला. मी स्नान करून तांबडे सोवळे नेसलो, जास्वंदीची माळ घातली, धुऱ्यावरचे ढेकूळ डोक्यावर ठेवले आणि मोहाच्या बुंध्यावरून सरळ चालत गेलो. शेवटी शपथही सांगितली: “आजपासून तीन पंधरवड्यांत माझ्या घरावर दैवाचा किंवा राजाचा आघात आला, तर माझी चाल खोटी समजावी.” महादेवराव एवढेच बोलला, “चाला जी. माती बी तुमची, डोस्कं बी तुमचंच.”

नकाशे घेऊन भांडणाऱ्या दोन्ही राजधान्यांना हे पाहायला बोलवायला हवे होते. विद्या असली म्हणजे शस्त्र लागत नाही.

तुझ्या आईने महादेवरावासाठी म्हणून आपट्याची पाने पिशवीत घातली होती. कार्यक्रमाच्या गडबडीत राहून गेली. घरी आल्यावर तिने पिशवी उघडली, पाने पाहिली, आणि तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

तुझा,
वामन

*

हे पत्र वसंताला पोचलेच नाही. काही महिन्यांनी पाठीवर तीन शिक्के घेऊन परत आले.

ऑक्टोबरच्या विसाव्या तारखेला पहाटे युद्ध पेटले. तेव्हापासून विद्वान सांगतात, की असे युद्ध कोणालाच नको होते. खरे असावे. दोघांनी फक्त दुसरा मागे हटेल एवढेच गृहीत धरले होते. मी रोज सकाळी वर्तमानपत्र वाचे आणि दोन्ही राजधान्यांची निर्भर्त्सना करी. पंचांगात पंधरवडे मात्र मोजी. महिनाभर ‘घरावर आघात नाही’ असे मनात म्हणत मी खुशाल जेवलो.

*

कुही
१८ नोव्हेंबर १९६२

शास्त्रीबुवाले महादेवचा रामराम.

मी बोलतो तसंच मास्तर लिवून राहिले.

काल आमच्या घरी तार आली. कवडूचा पत्ता लागून नाही राहिला म्हणते. तुमच्या घरी बी आली असंन. मास्तर म्हणते, तार दोन्हीकडं सारखीच राह्यते.

तिसरा पंधरवडा चालू हाये. म्या मोजले नाही जी, गाववाले मोजून राहिले. तुमचं वाईट व्हावं असं माह्या मनात कधी आलं नाही. तुमी ढेकूळ डोस्क्यावर घेतलं तवा कवडूच्या मायनं डोळे झाकले. मले म्हणे, “अवो, त्याइच्या घरी वसंता हाये. अशी शपत नोका घेऊ म्हणा त्याइले.” म्या नाही बोललो. म्या म्हटलं, बुवाले आपल्या डोस्क्याचा लय गर्व हाये, चालू द्या. थे माही चूक झाली.

कवडूनं बी लिवलं होतं, दसऱ्याले सोनं देजो म्हणून. म्या पानं तोडून ठेवली होती. तुमी आले अन् लाल धोतर नेसून चालले, मंग थे पानं बैलानं खाल्ले.

धुऱ्यावर गोटे चार हायेत. दोन तुमचे, दोन माहे. माहे म्या आज उचलले.

महादेव

*

महाल, नागपूर
२१ नोव्हेंबर १९६२

राजमान्य राजश्री महादेवराव यांस वामनाचा नमस्कार.

तार आमच्याकडेही आली. शब्द तेच.

आज रेडिओवर लढाई थांबल्याचे सांगितले. ज्यांनी मुलूख घेतला तेच त्यातला बराच सोडून परत निघाले म्हणे. म्हणजे ज्या जागेसाठी हे सारे झाले तिच्यावाचून कोणाचे काही अडले नव्हते.

हे पत्र आज संध्याकाळच्या मोटारवाल्याच्या हाती धाडतो आणि उद्या सकाळच्या पहिल्या मोटारीने येतो. कुदळ तयार ठेवा. मोहापासून आठ हात माझ्या बाजूला खणल्यावर कोळसे आणि खापऱ्या निघतील. तीच खरी हद्द. मला हे सोळा वर्षांपासून ठाऊक आहे. मी ढेकूळ घेऊन त्या ओळीवरून पुन्हा चालेन, आणि पहिली चाल खोटी होती असे गावासमोर म्हणेन. जमीन तुमची आहे, मोहही तुमचा.

हे न्यायबुद्धीने करतो आहे असे समजू नका. उद्या तिसरा पंधरवडा संपतो. त्याआधी खरे बोललो तर माझा मुलगा वाचेल, या आशेने करतो आहे. तीस वर्षे मी लोकांना सांगितले, की देवाशी सौदा करू नये. आता मी तोच करायला मोटारीत बसणार आहे, आणि मला माझी शिसारी येते. तरी येतो.

वामन

*

(रेड क्रॉसमार्फत. नागपुरास पोचले १४ मार्च १९६३.)

तीर्थरूप बाबा,

मी जिवंत आहे, कैदेत आहे, हातपाय शाबूत आहेत. आईला प्रथम एवढे वाचून दाखवा आणि मग पुढचे वाचा.

कवडू गेला. गोळी लागली नव्हती. आमचे ठाणे वाटेपासून चार दिवसांवर होते; रसद येणे थांबले, मग मागे फिरण्याचा हुकूम आला, तोही उशिरा. बर्फात कापडी बुटांनी त्याचे पाय गेले. मी त्याला दोन दिवस पाठीवर घेतले. तो म्हणे, “ठेव गा मले इथंच, तू पुढं चाल.” तिसऱ्या दिवशी बोलायचा थांबला. आईचा स्वेटर त्याच्या अंगावर होता. त्या दिवशी पाळी माझी होती, त्याची नव्हती.

चितेपुरते लाकूड नव्हते. मी त्याला जमिनीत ठेवले आणि सोबत विझलेल्या शेकोटीचे कोळसे पुरले. ते कुजत नाहीत. कोणी कधी शोधायला गेले तर सापडतील.

त्या जागेचे नाव मला लिहिता येत नाही. खरे म्हणजे ठाऊकही नाही. आमच्या नकाशात एक आहे, यांच्या नकाशात दुसरे.

महादेवकाकांना हे पोस्टाने कळवू नका. तुम्ही स्वतः जा.

वसंत

*

मी गेलो. मार्च महिना, मोहाची फुले गळत होती. त्या झाडाखाली महादेवराव आणि त्याची बायको टोपली घेऊन फुले वेचीत होते. नोव्हेंबरात मी खऱ्या ओळीवरून चाललो होतो, तेव्हा याच दोघांनी कोळशांवरची माती हातांनी बाजूला केली होती, आणि गावातला एक जणही हसला नव्हता.

मी उभ्यानेच पत्र वाचले. पुराणाला जो आवाज लावतो तो लागला नाही. वाचून झाल्यावर कवडूची आई टोपलीपाशी खाली बसली. महादेवरावाने हातातली फुले टोपलीत टाकली आणि विचारले:

“शास्त्रीबुवा, तुमी हद्दीचं समदं वाचलं हाये. मले एक सांगा जी. कोणाच्या हद्दीत गेला माहा कवडू?”

प्रत्येक प्रश्नाला उत्तर काढून ठेवणे हा माझा व्यवसाय. त्या दिवशी मी फक्त पत्राची घडी घातली. खोटी शपथ मी वाहिली. आघात माझ्या घरावर यायचा होता, तो खरे बोलणाऱ्याच्या घरावर गेला. यावर शास्त्राला दोष देण्याचा अधिकार मला उरलेला नाही. दिल्ली आणि पेकिंगला हसण्याचाही नाही. त्यांच्यापाशी फौजा होत्या म्हणून त्यांचे युद्ध मोठे झाले. माझ्यापाशी फक्त शेंदूर होता.

कवडूच्या आईने पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाली, “सावलीत या जी. ऊन लागून राहिलं तुमाले.” मी त्या मोहाच्या सावलीत गेलो.

वसंत मे महिन्यात सुटून आला. स्टेशनवरून तो आधी कुहीला गेला आणि दुसऱ्या दिवशी घरी आला. आईने त्याला जवळ घेतले. गेल्या दसऱ्याला वसंत आणि मी मिळून ती पंधरा पावले चाललो. पाने मीच दिली.

आता ज्याच्या कृपेने हे लिहिण्याइतकी लाज माझ्यात उरली, त्याच्या चरणी हे ठेवतो. जो हे वाचील, जो ऐकेल, आणि ज्याला वाचता येत नाही म्हणून जो दुसऱ्याच्या तोंडून ऐकेल, त्या सर्वांच्या घरची मुले सुखरूप परत येवोत. आणि त्यांच्या शेजाऱ्यांची त्याच्या एक दिवस आधी येवोत.